भुलीचे भय

लहान मुलाच्या डोळ्याची शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले की आईबापांचा पहिला प्रश्न डोळ्याविषयी नसतो. दिसेल की नाही, चष्मा लागेल का, हे मागाहून येते. पहिला प्रश्न असतो, ‘भूल द्यावी लागंल का?’ आणि होकार आला की लगेच दुसरा, ‘पुन्हा उठंल ना?’ बीड जिल्ह्यात आमचे जे जाणेयेणे झाले त्यात हा प्रश्न आम्ही इतक्या तोंडून ऐकला की या भयाविषयी काही लिहावे असे मनात घोळत राहिले. शिकलेली माणसे त्याला अडाणीपणा म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. सुरी डोळ्यापुरती असते. भूल सगळ्या लेकराला व्यापते. एवढे आईला कोणी न शिकवता कळते.

त्यात आपल्या भाषेनेही भर घातली आहे. इंग्रजीतला शब्द 1846 साली ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन डॉक्टर-साहित्यिकाने ग्रीकवरून सुचविला. त्याचा अर्थ संवेदना नसणे एवढाच. मराठीने मात्र ‘भूल’ हा शब्द उचलला. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे मोहिनी, रानात वाट चुकून माणूस भलतीकडे जातो तीही भूल. अशा शब्दाने ज्या गोष्टीची ओळख होते तिच्या स्वाधीन दोन वर्षांचे मूल करताना हात कापणारच.

मोठ्या माणसांची गोष्ट निराळी. आज मोतीबिंदूचे आजोबा शस्त्रक्रियेच्या टेबलावर गप्पा मारीत असतात. ही सोय कार्ल कोलर या व्हिएन्नातील तरुण डॉक्टरमुळे झाली. कोकेनचे थेंब टाकले की डोळ्याच्या पृष्ठभागाला काही जाणवत नाही हे त्याने 1884 साली शोधून काढले. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा प्रयोग दाखविला गेला, पण दाखविणारा कोलर नव्हता. प्रवासखर्चाला पैसे नसल्याने त्याने आपला निबंध दुसऱ्याच्या हाती दिला होता. (गरिबी ही केवळ मराठवाड्याची मिरास नाही.) तेव्हापासून मोठ्यांच्या डोळ्यांना पूर्ण भुलीची गरज क्वचितच पडू लागली. लहान मुलाला मात्र ‘हलू नकोस’ असे सांगता येत नाही. डोळ्याच्या कामात केसाएवढी हालचाल पुरते. जन्मजात मोतीबिंदू असो, तिरळेपणा असो, डोळ्यातली गाठ असो, मूल गाढ झोपल्याखेरीज डॉक्टरांना हात लावता येत नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्याची नीट तपासणी करावयाची तरी पुष्कळदा भूलच द्यावी लागते.

बीड जिल्ह्याचे आणि नेत्रचिकित्सेचे नाते जुने आहे. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईत, जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या आवारात, 1970 च्या दशकाच्या मध्यास ग्रामीण भागासाठी म्हणून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय उघडले. त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ज्यांची कीर्ती झाली आणि ज्यांना 2008 साली पद्मश्री मिळाली ते डॉ. तात्याराव लहाने याच अंबाजोगाईत शिकवीत व शस्त्रक्रिया करीत होते. त्यांचे नाव घेताच या भागातली म्हातारी माणसे हात जोडतात, आणि ते योग्यच आहे. परंतु डोळा उघडणाऱ्याचे नाव जसे लोकांच्या ओठांवर राहते तसे डोळा मिटवणाऱ्याचे राहत नाही. ज्या लेकराची शस्त्रक्रिया झाली त्याच्या आईला शल्यविशारदाचे नाव ठाऊक असते, वॉर्डातल्या सिस्टरचे असते. भूलतज्ज्ञाचे विचाराल तर ती म्हणेल, ‘त्या व्हय, त्या झोपंच्या डॉक्टर.’

गंमत अशी की भुलीच्या इतिहासातला एक मोठा वाद याच मुलखाच्या राजधानीत लढला गेला. बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत एडवर्ड लॉरी नावाचे शल्यविशारद वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो कसा, आधी हृदय थांबते की आधी श्वास, हा त्या काळचा कळीचा प्रश्न. प्रश्न पोकळ नव्हता. सिम्प्सनने एडिंबरोत क्लोरोफॉर्म प्रचारात आणले नोव्हेंबर 1847 मध्ये, आणि तीन महिने उलटण्यापूर्वीच, 28 जानेवारी 1848 रोजी, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढताना क्लोरोफॉर्म हुंगून मरण पावली. भुलीचे भय बाळगणाऱ्या आयांना हसण्यापूर्वी ही मुलगी आठवावी.

लॉरींनी 1888 साली एक आयोग नेमून प्राण्यांवर प्रयोग केले. त्यांच्या निष्कर्षावर विलायतेत कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा निजामाने 1000 पौंड दिले आणि लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाने 1889 मध्ये डॉ. लॉडर ब्रंटन यांना हैदराबादेस धाडले. दुसऱ्या आयोगानेही तेच सांगितले: आधी श्वास थांबतो, म्हणून नाडीकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. याच हैदराबादेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाई पुढे वर्षानुवर्षे रोग्यांना क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. लॉरींचे अर्धे खरे होते. श्वासावर डोळा ठेवण्याची त्यांची शिकवण आजही मोडीत निघालेली नाही. पण क्लोरोफॉर्मची भूल अपुरी असताना हृदय एकाएकी बंद पडू शकते हे 1911 साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, आणि नाडी न पाहण्याचा हट्ट मागे पडला.

आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेत तर नाडी सोडून चालतच नाही. डोळा दाबला किंवा त्याचे स्नायू ओढले की हृदयाची गती मंदावते, हे 1908 साली अॅश्नर आणि दान्यिनी या दोघांनी स्वतंत्रपणे नोंदविले. डोळ्याची खबर चेहऱ्याच्या मज्जातंतूवरून मेंदूच्या तळाशी जाते आणि तेथून हृदयाला आवरणाऱ्या तंतूवाटे खाली उतरते. मोठ्यांत हा परिणाम सौम्य असतो, मुलांत जोरकस. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत तर हमखास. एका भूलतज्ज्ञ बाईंनी आम्हांला हे चहा घेता घेता समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, ‘स्नायू आकड्यात धरला की माझ्या यंत्राचे ठोके लांब लांब पडू लागतात. मी सरांना एवढेच म्हणते, सोडा. ते हात सैल करतात. ठोके परत येतात. मग पुन्हा सुरू.’ नाहीच आले तर अॅट्रोपिन. हे औषध ज्या वर्गातल्या वनस्पतींत सापडते त्याच वर्गातला आपला उकिरड्यावरचा धोत्रा. विषाचा आणि औषधाचा संसार असा एकाच अंगणात असतो.

याच बाईंकडून आम्हांला आणखी एक गोष्ट कळली. इतर शस्त्रक्रियांत भूलतज्ज्ञ रोग्याच्या उशाशी असतो, ओठांचा रंग, छातीचा भाता, सारे त्याच्या नजरेपुढे. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत ती जागा शल्यविशारदाची. चेहरा हिरव्या कापडाखाली झाकलेला, त्यातून एक डोळा तेवढा उघडा. भूलतज्ज्ञ बाजूला सरतो. म्हणून श्वासनलिकेत नळी घालून ती आधीच पक्की बसवावी लागते. मध्येच निसटली तर कापडे बाजूला सारण्यात मोलाचे क्षण जातात. मग एक हात काळ्या रबरी पिशवीवर, जी लेकराच्या श्वासागणिक फुगते आणि ओसरते, आणि कान यंत्राच्या आवाजाकडे. बोटाला लावलेल्या चिमट्यातून रक्तातला प्राणवायू मोजणारे हे यंत्र जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या 1970 च्या दशकातील कल्पनेतून आले. प्राणवायू कमी झाला की त्याचा सूर खाली उतरतो. बाई म्हणाल्या, ‘घरी कुकरची शिट्टी झाली तरी आधी सूर ऐकते मी.’

त्यांची आमची भेट झाली ती एका मुलीमुळे. मुलगी अडीच वर्षांची. आईबाप ऊसतोडीला जाणारे. गावात कार्य करणाऱ्या एका धर्मभगिनीच्या सांगण्यावरून आम्ही त्या कुटुंबाबरोबर जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात गेलो होतो. मुलीच्या दोन्ही बुबुळांत पांढरट झाक होती. शाळा-अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करणारी सरकारी योजना फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झाली हे आपल्या वसईकडील वाचकांना स्मरत असेल. तिच्याच पथकाच्या नजरेस ही मुलगी पडली. खरे तर वर्षभर आधीच पडली असती. पण तपासणी अंगणवाडीत होते, आणि ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीनंतर पाच-सहा महिने अंगणवाडीत नसतात. ती कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात, फडाच्या कडेला कोपीत असतात.

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. डोळा हा झरोका आहे. पाहायला शिकतो तो मेंदू, आणि त्याचे शिकण्याचे वय फार लहान असते. दाट मोतीबिंदू जन्मतः असेल तर तो पहिल्या काही आठवड्यांतच निघावा असे शास्त्र सांगते. उशीर होत गेला की पुढे डोळा स्वच्छ करूनही मेंदू त्याच्याकडे पाठ फिरवतो. मोठ्यांचा मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याची जुनी रीत मुलाला लावली तर वाट पाहण्यातच दृष्टी जाते. ‘जरा मोठी होऊ द्या, अंगात ताकद येऊ द्या, मग भूल सोसंल’ हे आजीचे म्हणणे मायेचे होते. या मुलीचा मोतीबिंदू फारसा दाट नव्हता म्हणून तिला आजवर थोडे तरी दिसत होते, एवढेच तिचे नशीब.

आईच्या मनात आणखी एक काटा होता. गरोदरपणी ग्रहणात तिने विळी हाती घेतली होती, असे शेजारणींचे म्हणणे. संत योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून प्रभूला जे विचारतात ते हेच: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? दोन हजार वर्षांपूर्वी प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. डॉक्टरांनीही सारला. त्यांनी नात्यातले लग्न आहे का, पोटात असताना अंगावर पुरळ, ताप आला होता का, एवढे विचारले. ‘आत्याच्याच घरात दिलं मला,’ आई म्हणाली. म्हणजे आजी तिची सासूही आणि आत्याही. डॉक्टर म्हणाले, अशा लग्नांत असे दोष अधिक दिसतात, कधी कारण सापडतच नाही, पण विळीचा आणि याचा काही संबंध नाही. आईने ते दोनदा सांगावयास लावले.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला आणि ‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ असा निरोप मिळाला. सकाळी भूलतज्ज्ञ बाईंनी आईला विचारले, ‘ताई, सकाळपासून काही दिलं का?’ ‘काय नाय दिलं, म्याडम.’ बाई मग आजीकडे वळल्या. ‘आजी, तुम्ही काय दिलं?’ आजी सहज म्हणाली, ‘दूध अन् केळं. उपासाला चालतं की!’ त्या दिवशी शस्त्रक्रिया झाली नाही.

आजीचे काय चुकले? आपल्याकडे उपवास म्हणजे साबुदाणा, केळे, दूध. भुलीखाली माणसाचा खोकला आणि गिळणे दोन्ही झोपतात. पोटात असेल ते वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकते, आणि तेथे दूध हे विषासारखे. हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. नियम असा की अन्न आणि वरचे दूध सहा तास आधी बंद, आईचे दूध चार तास, साधे पाणी दोन तास. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही देत नसत आणि तान्ही मुले तहानेने कोरडी पडत. तो कडकपणा आता गेला. आम्हांला हे ऐकताना आमच्या आजोबांची पिढी आठवली. ख्रिस्तशरीर स्वीकारावयाचे तर मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा वर्ज्य. 1953 साली पोप पायस बारावे यांनी पाण्याने उपास मोडत नाही असे जाहीर केले, आणि 1964 साली पोप पॉल सहावे यांनी तो एका तासावर आणला. दोन्हीकडे तहानेची कीव उशिरानेच आली म्हणावयाची.

पायस बारावे यांचे नाव या विषयात आणखी एका कारणाने येते. इटलीतील भूलतज्ज्ञांच्या संस्थेने त्यांना तीन प्रश्न विचारले होते. 24 फेब्रुवारी 1957 रोजी त्यांनी उत्तर दिले. वेदना नाकारणे ख्रिस्ती माणसाला शोभते का, हा पहिल्या प्रश्नाचा गाभा. वेदना सोसलीच पाहिजे असे नैतिक बंधन नाही, ती शमविणे वैध आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी 24 नोव्हेंबरला त्यांनी पुन्हा भूलतज्ज्ञांपुढे भाषण केले, आणि त्यात एक मुद्दा असा होता की रुग्णावर डॉक्टरचा स्वतंत्र असा अधिकार नाही. रुग्ण देईल तेवढाच तो अधिकार. अडीच वर्षांचे मूल तो कसा देणार? त्याच्या वतीने आई अंगठा उठवते. त्या कागदावर काय लिहिले आहे हे तिला तिच्या बोलीत सांगणे हा उपचार नव्हे, तो अंगठ्याचा अर्थ आहे. आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहतो, अंगठा आधी घेतला जातो आणि शाई पुसायला बोळा दिला जातो. समजावणारे माणूस त्यावेळी दुसऱ्या टेबलावर अडकलेले असते. खेड्यापाड्यांतील रुग्णालयांत शल्यविशारद एखादे वेळी मिळतो, लेकरांना भूल देण्याचा हात बसलेला तज्ज्ञ मिळणे त्याहून कठीण.

या बाई मात्र बसल्या. आईने विचारले, ‘भुलीनं पोर मंद होती म्हणत्यात, खरं का?’ आम्हांला वाटले, त्या हा प्रश्न झटकतील. त्यांनी झटकला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 साली इशारा दिला होता तो तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल. आणि तासाभराच्या आतली एकच भूल मिळालेली बाळे पाच वर्षांची झाल्यावर बुद्धीने इतरांच्या बरोबरीची होती, हे 2019 साली छापून आले. (छापले त्याच ‘लॅन्सेट’ने, ज्याने ब्रंटनना हैदराबादेस पाठविले होते.) बाईंनी हे सारे दोन वाक्यांत सांगितले: ‘एका डोळ्याचं काम बहुधा तासाभरात होतं. दोन डोळे म्हणजे दोनदा भूल, त्याचा विचार मी केलाय. पण डोळे तसेच ठेवले तर नुकसान होणार हे नक्की आहे.’ धोका नाहीच असे त्या म्हणाल्या नाहीत. आईने मान हलविली. खोटा दिलासा दिला असता तर तिने मान हलविली नसती असे आम्हांला वाटते.

दुसऱ्या तारखेला मुलीला सर्दी झाली. सर्दी-खोकल्यात भूल दिली तर श्वासनलिका आवळण्याचे भय, म्हणून पुन्हा दोन-तीन आठवडे पुढे. एवढ्यात दिवाळी उलटली आणि मुकादमाचा ट्रक आला. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. उचल त्या जोडीवर घेतलेली असते. बायको मागे राहिली तर नवरा अर्धा कोयता, कमाई अर्धी, फेड मात्र पूर्ण. त्या रात्री घरात काय बोलणे झाले ते आम्हांला ठाऊक नाही. सकाळी बाप एकटाच ट्रकवर चढला. त्याने आईला किंवा आजीला काही सांगितले नाही; धर्मभगिनीजवळ येऊन म्हणाला, ‘सिस्टर, झोपवताना आई जवळ असू द्या म्हणावं.’

तसे झाले. डिसेंबरात, यादीतले पहिले नाव म्हणून, म्हणजे लेकराला कमीत कमी उपाशी राहावे लागावे म्हणून, सकाळीच मुलीला आत नेले. बाईंनी आईला टोपी-झगा घालून दारापर्यंत नव्हे तर टेबलापर्यंत नेले आणि मुलगी मांडीवर असतानाच गोडसर वासाच्या औषधाचा मुखवटा नाकाजवळ धरला. सगळ्याच ठिकाणी हे करू देत नाहीत, आणि सगळ्याच आयांना ते झेपतही नाही. बाहेर आल्यावर आई इतकेच म्हणाली, ‘अंग एकदम जड झालं व्हो तिचं.’ मग ती भिंतीला टेकून बसली आणि आजी तिच्या पाठीवर हात फिरवीत राहिली. सव्वा तासाने आतून रडणे ऐकू आले. भूल उतरताना मुले फार रडतात, ओळखीच्या माणसालाही ओळखेनाशी होतात. ते थोड्या वेळाने निवळते. आई घाबरून उठली. दारातून बाई म्हणाल्या, ‘रडू द्या. रडतीय म्हणजे श्वास चांगला चाललाय.’

दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या पंधरवड्यातली मिळाली. त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही वॉर्डात गेलो तेव्हा शेजारच्या खाटेवर पाटोद्याकडचे एक जोडपे तिरळ्या मुलाला घेऊन नवेच आले होते, आणि आजी त्या तरुण आईला बोटे मोजून सांगत होती, ‘दूध न्हाई, चहा न्हाई, बिस्कीट न्हाई. पाणी पहाटं, तेबी म्याडम म्हणत्याल तवाच. अन् केळं तर आजिबात न्हाई.’